चुलीतल्या चिठ्ठ्या

लोकशाहीपुढच्या आव्हानांवर लिहा, असं या अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, तेव्हा मी विचारलं, "कुठली लोकशाही? दिल्लीतली की पत्र्याच्या खोलीतली?" ते हसले. मला खरोखर उत्तर हवं होतं. दिल्लीतली लोकशाही मी एकदाच पाहिली आहे, सहलीच्या बसमधून, तीही चुकीच्या खिडकीशी बसल्यामुळे अर्धीच. ग्रामपंचायतीच्या पत्र्याच्या खोलीतली मात्र जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत नोकरीभर पाहिली. मी ग्रामसेवक होतो.

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. सरपंच लोकांनी निवडलेला असतो, ग्रामसेवक सरकारने पाठवलेला. घरपट्टी गोळा करणं, जन्ममृत्यू नोंदवणं, सभेचं इतिवृत्त लिहिणं आणि नळाला पाणी का आलं नाही याचं उत्तर देणं, ही आमची कामं. सरपंच निवडून येतो आणि पडतो, ग्रामसेवक बदलून येतो आणि बदलून जातो. मधल्या काळात दोघांनी एकमेकांना सांभाळायचं असतं. ग्रामसेवकाला सगळे 'भाऊसाहेब' म्हणतात. वय, जात, लायकी काहीही असो. एकदा माझे वडील चुकून म्हणाले आणि मग दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

लेख द्यायला उशीर झाला आहे. ज्या बाईंविषयी मुख्यतः लिहायचं आहे त्या या श्रावणात गेल्या. एक परिच्छेद लिहितो, उठतो, मागच्या दारी जाऊन येतो, पुन्हा बसतो. त्यामुळे कुठे जोड दिसला तर वाचकांनी दुर्लक्ष करावं.

आव्हानांचंच म्हणाल, तर आमचं पहिलं आव्हान कोरम. ग्रामसभा म्हणजे गावातल्या सगळ्या मतदारांची सभा. ठरावीक संख्येने माणसं जमली नाहीत तर ती तहकूब होते, आणि तहकूब सभा पुन्हा भरली की तिला कोरम लागत नाही. ही सोय कायदा करणाऱ्यांनी अडीनडीसाठी ठेवली होती. आमच्याकडे ती रीत झाली. झेंडावंदन झालं, पोरांना गोळ्या वाटल्या, की सरपंच म्हणत, "भाऊसाहेब, घ्या तहकूब करून." मग आम्ही देवळाच्या मागच्या बाजूला जाऊन चहा पीत असू आणि पुढच्या बाजूला येऊन लोकशाही चालू करीत असू.

मी असताना कोरम खऱ्या अर्थाने एकदाच भरला. दोन हजार सालानंतरची गोष्ट. नारायणगावच्या अलीकडे एका गावात मी होतो आणि उसात बिबट्याने मुक्काम टाकला होता. त्या सभेला देऊळ पुरलं नाही. कधी न दिसणारी माणसं दिसली, बायका मंडपात पुढे येऊन बसल्या. ठराव झाला की बिबट्यास गावाच्या हद्दीतून तात्काळ बाहेर काढण्यात यावे. मागून एक म्हातारा म्हणाला, "ठराव झ्याक झाला राव. पन त्याला वाचून कोन दावनार?" त्यानंतर लोकशाही बळकट करण्याविषयी कुठेही व्याख्यान ऐकलं की मला तो बिबट्या आठवतो. तो बिचारा पुढे पिंजऱ्यात सापडला आणि पुढची ग्रामसभा तहकूब झाली.

भीमाशंकरच्या वाटेवर, डोंगरातल्या एका गावात वेगळं पाहिलं. तिथे हात वर करायची पद्धतच नव्हती. सगळे बसत. जो गप्प बसला तो विरोधात, हे सगळ्यांना ठाऊक. तो बोलेपर्यंत उठायचं नाही. एकदा एका माणसाचं मन वळेपर्यंत माझी शेवटची एसटी गेली. मी चिडून म्हणालो, "अहो, एकटाच विरोधात आहे, बहुमत झालंय ना?" माझ्या शेजारचा म्हणाला, "भाऊसाहेब, उद्या आवनीला तोच माझ्या बांधाला हाये. तुमचं बहुमत यील का भात लावाया?" त्या रात्री मी तिथेच राहिलो. नागलीची भाकरी मात्र उत्तम मिळाली.

आता अनुसयाताई.

नव्वदच्या दशकात बायकांना राखीव जागा आल्या आणि गावोगावच्या पुढाऱ्यांची मोठी धांदल उडाली. आळेफाट्यापासून फार लांब नसलेल्या एका गावात मी तेव्हा होतो. नाव लिहीत नाही, तिथल्या लग्नांची निमंत्रणं मला अजून येतात. त्या गावात तात्या सांगतील ती पूर्व. सरपंचपद बाईसाठी राखीव झालं तेव्हा तात्यांनी घरातल्या बायका नजरेखालून घातल्या. स्वतःची बायको तोंडाळ, सून शिकलेली. दोन्ही धोक्याच्या. मग चुलतभावाची बायको अनुसया निवडली. सातवी पास, डोक्यावरून पदर, कुणी कधी मोठ्याने बोलताना ऐकली नव्हती. देवळात बैठक झाली, नारळ फुटला, निवडणूक बिनविरोध. तिचा नवरा किसनराव नारायणगावच्या बाजारात टोमॅटो नेणारी पिकअप चालवायचा. तो एवढंच म्हणाला, "तात्या, ती मला घरात विचारीत न्हाई. तुमाला विचारील का?" सगळे हसले. इशारा होता, पण आमच्याकडे नवऱ्याने दिलेला इशारा विनोदात धरतात.

पहिल्याच दिवशी तात्या माझ्यासमोर त्यांना म्हणाले, "वैनी, तुमी कायबी काळजी करू नका. भाऊसाहेब कागूद घरी पाठवतील, तुमी सही ठोकायची."

"वाचून का न वाचता?" ताईंनी विचारलं.

"तुमची मर्जी."

"मंग वाचून."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कपाटाकडे.

त्या खरंच वाचत. सावकाश, ओळीखाली बोट धरून. रोज भाकरी झाल्या की कार्यालयात यायच्या. जे समजलं नाही ते विचारायच्या आणि मला समजावता आलं नाही तर म्हणायच्या, "भाऊसाहेब, तुमालाबी कळलं नसंल तर तसं सांगा, लाजू नका."

भांडण पेटलं पाण्यावरून. नळपाणी योजनेची टाकी गावाजवळ होती आणि शेवटचा नळ ठाकरवाडीत, आदिवासींच्या वस्तीत. आधी गावातले हंडे, बादल्या, मग अंगणातले सडे, मग म्हशी. ठाकरवाडीच्या नळातून त्यानंतर फक्त हवा येई, फुर्र करून. ताईंनी पाणी सोडणाऱ्या माणसाला सांगितलं की उद्यापासून आधी ठाकरवाडीचा व्हॉल्व्ह उघडायचा, गाव नंतर. तात्या तरातरा आले. "वैनी, आवो गाव काय म्हनंल?"

"तेच तर," ताई म्हणाल्या. "गावाचं पानी ऱ्हायलं तर गाव बोंबलंल, म्हंजी आपल्याला कळंल. वाडीचं ऱ्हायलं तर कळतच न्हाई. ज्याची बोंब ऐकू येत न्हाई त्याचं आधी भरावं."

लोकशाहीवर मी पुष्कळ पुस्तकं वाचली आहेत. कपाटात दोन खण आहेत. इतकं सोपं कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. तात्यांना मात्र ते सोपं वाटलं नाही. त्यांच्या म्हशी सकाळी उशिरा पाणी पिऊ लागल्या होत्या. आठवड्याभरात अविश्वास ठरावाची नोटीस तहसीलदारांकडे पोचली.

पंचायतीत सात सदस्य. ताईंना काढायला दोन तृतीयांश, म्हणजे पाच मतं हवी होती. ताईंच्या बाजूला एक मत त्यांचं स्वतःचं, एक ठाकरवाडीची सदस्य बायजाबाई हिचं. उरले पाच, सगळे तात्यांचे. म्हणजे नेमके हवे तितकेच, एकही सुटा नाही. ताई गेल्या तर वाडीचं पाणीही त्याच दिवशी जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं. बायजाबाई कार्यालयाच्या पायरीवर बसून मला म्हणाली, "भाऊसाहेब, पुन्हा फुर्र का?"

अशा वेळी आमच्याकडे सदस्यांना देवदर्शनाला नेतात. नास्तिक असला तरी नेतात. उद्देश असा की मतदानापर्यंत ते विरुद्ध बाजूच्या नजरेला पडू नयेत. भीमाशंकर जवळ, पण तिथे पेढेवालासुद्धा कुणाच्या तरी मेव्हण्याचा मेव्हणा निघतो, म्हणून तात्यांनी जीप थेट कोकणात धाडली. निघण्याआधी खंडोबासमोर पाचही जणांनी बेलभंडारा उचलून शपथ घेतली. एवढ्यावर तात्यांचं समाधान झालं नाही. देवावर त्यांचा विश्वास होता, सदस्यांवर नव्हता. मतदान गुप्त झालं तर कोण फुटला हे कळावं म्हणून प्रत्येकाला मतपत्रिकेवर फुली मारायची जागा नेमून दिली. एकाला वरचा डावा कोपरा, एकाला खालचा उजवा, एकाला मधोमध, असं.

हे आम्हाला कसं कळलं? बबनमुळे. बबन हा पाचांतला सगळ्यांत धाकटा सदस्य, तात्यांच्या भावकीतला, स्वभावाने घाबरट. त्याने कोकणातल्या एका एसटीडी बूथवरून गावातल्या किराणा दुकानात फोन लावला, बायकोला बोलावून घेतलं आणि पहिल्यांदा म्हशीची चौकशी केली. मग म्हणाला, "आगं, माझ्या फुलीचा कोपरा खालचा उजवा हाये. माझ्या ध्यानात ऱ्हानार न्हाई, तू ध्यानात ठेव." लाईन खराब होती, त्यामुळे तिला ते मोठ्याने परत म्हणावं लागलं. "तुमची फुली खालचा उजवा! व्हय, खालचा उजवा!" दुकानात साखर घ्यायला आलेल्या सगळ्या बायकांनी तिच्याबरोबर तो कोपरा पाठ केला.

संध्याकाळच्या आत ताई कार्यालयात आल्या. "भाऊसाहेब, फुलीच नको. फुली म्हंजी हात आला. हात दिसनार न्हाई असं कायतरी काढा."

मी नियमांचं पुस्तक काढलं. एखाद्या सदस्याने मागितलं तर मतदान गुप्त घ्यावं, असं होतं. चिठ्ठी कशी असावी याबद्दल पुस्तक गप्प. मग आम्ही दोघांनी डोकं चालवलं. प्रत्येकाला दोन चिठ्ठ्या द्यायच्या, एक पांढरी, एक गुलाबी. पांढरी म्हणजे सरपंच जाऊ दे, गुलाबी म्हणजे राहू दे. हवी ती डब्यात टाकायची. लिहायचं काही नाही. सदस्यांतल्या दोघांना लिहिता येत नव्हतंच, त्यामुळे ते कारणही देता आलं.

सभेच्या दिवशी नायब तहसीलदार आले. त्यांना जबर सर्दी झाली होती आणि जुन्नरला परत जायची घाई होती. हे मी लोकशाहीचं नशीब समजतो, कारण निरोगी माणसाने हरकती ऐकत बसून संध्याकाळ केली असती. सदस्य जीपमधून थेट उतरले. चार दिवसांत सगळे काळवंडले होते आणि देवदर्शनामुळे मासे खायला मिळाले नाहीत म्हणून कातावले होते. समुद्रकाठी जाऊन वरणभात.

ताईंनी गुप्त मतदान मागितलं. तात्या सदस्य नसल्यामुळे बाहेर खिडकीशी उभे होते. ते गालात हसले. मग साहेबांनी रुमालात शिंकत पांढऱ्या-गुलाबी चिठ्ठ्यांची पद्धत सांगितली आणि हसू थांबलं. पण तात्या तात्याच. क्षणात त्यांनी खिडकीतून आवाज दिला, "आरं, डब्यात टाका, पन उरल्याली चिठ्ठी घिऊन भाईर या! मला दावा!"

हे मला सुचलंच नव्हतं. एवढी पुस्तकं वाचून उरलेल्या चिठ्ठीचं काय करायचं याचा विचार मी केला नव्हता. ताईंनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं, मग खाली.

मतदान मागच्या खोलीत होतं. तिथे स्टुलावर बिस्किटांचा रिकामा डबा ठेवला होता, आणि पलीकडे तीन दगडांच्या चुलीवर आमचे शिपाई गेनूभाऊ साहेबांसाठी आलं घालून चहा उकळत होते. साहेबांनी नाक पुसलं, दारातून आत पाहिलं आणि म्हणाले, "उरलेली चुलीत टाकायची. गेनूभाऊ, तुम्ही बाहेर या."

"साहेब, चा उतू जाईल."

"जाऊ द्या."

"आलं टाकलंय साहेब."

"गेनूभाऊ, बाहेर या!"

साहेब स्वतः दाराशी उभे राहिले. बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला दोन्ही तळहात पुढे करायला लावले, जेवायच्या आधी आई पोरांचे बघते तसे. कागदाचा कपटाही कुणाच्या हाती राहिला नाही. चूल ओल्या काटक्यांची, वर कागद. खोलीत धूर कोंडला. जो आत जाई तो डोळे चोळत, नाक ओढत बाहेर येई. पहिला सदस्य रडत बाहेर आला तेव्हा तात्या खिडकीतून ओरडले, "फुटला! बघा, पश्चात्ताप झालाय त्याला!" दुसराही रडत आला. तिसरा तर हमसून. बबन बाहेर आला तो साहेबांना तळहात दाखवून तिथेच उभा राहिला, मग त्याच्या लक्षात आलं की जायचं आहे. शेवटी ताई आत जाऊन आल्या. डोळे त्यांचेही लाल होते, पण धूर त्यांच्या रोजच्या सवयीचा.

साहेबांनी डबा टेबलावर उपडा केला. बायजाबाईने माझ्या टेबलाचा कोपरा घट्ट धरला होता. साहेबांनी चिठ्ठ्या वेगळ्या केल्या, पुन्हा एकदा वेगळ्या केल्या. पांढऱ्या चार, गुलाबी तीन. ठराव पडला.

मग बायजाबाई कुणाला न सांगता उठली आणि वाडीकडे चालू लागली, भराभर. चहा निम्मा उतू गेला होता. उरलेला आम्ही प्यायलो. आल्याला जळक्या कागदाचा वास होता.

आता तात्यांपुढे प्रश्न होता की तिसरी गुलाबी कुणाची. पाचही जणांना पुन्हा खंडोबासमोर उभं केलं. पाचांनीही पुन्हा शपथ घेतली. एकाने शास्त्रार्थ काढला की पहिल्या वेळी तळहाताला घाम होता, हळद नीट लागली नव्हती, तेव्हा ती शपथ जमेस धरू नये. तोच असणार असं तात्यांना वाटलं. मग वाटलं, इतका उघड कोण बोलेल? तो नसणार. अशा रीतीने एकामागून एक पाचही जणांवर त्यांनी संशय घेतला आणि वर्षभरात पाचही जण त्यांना दुरावले. ज्या चौघांनी इमानाने पांढरी टाकली ते तर जास्तच दुखावले. पुढच्या निवडणुकीत तात्यांचं पॅनेल उभं राहिलं तेव्हा त्यांच्या शेजारी फोटो काढायला माणूस मिळेना.

ताईंची अडचण उलट. पाचांतल्या एकाने त्यांना वाचवलं होतं. कुणी, ते कळायला मार्ग नव्हता. कुणाशी वाकडं बोलावं, तर तोच निघायचा. म्हणून त्यांना पाचही जणांशी बरं वागावं लागलं. एकाच्या गोठ्याचा उतारा, दुसऱ्याच्या आईचं पेन्शन, तिसऱ्याच्या वस्तीवरचा दिवा. मी एकदा म्हणालो, "ताई, चार जण फुकटचा फायदा घेतायत."

"घेऊ द्या की," त्या म्हणाल्या. "मी सरपंच कुनाची हाये? एकाची?"

वाडीचा नळ मात्र त्यांची मुदत संपेपर्यंत सकाळी पहिला उघडत होता. पुढे काय झालं ते लिहीत नाही. माझी बदली झाली होती, आणि खरं सांगायचं तर मी चौकशी करायचं टाळलं.

पुढच्या वर्षांत त्या पाचांपैकी चौघे मला वेगवेगळ्या ठिकाणी भेटले. आळेफाट्याच्या स्टँडवर, मंचरच्या दवाखान्यात, एका लग्नात, एका मयतीला. प्रत्येकाने मला बाजूला घेतलं. "भाऊसाहेब, तुमाला म्हनून सांगतो, कुनाला बोलू नका. ती चिठ्ठी माझी." एका गुलाबी चिठ्ठीचे चार बाप. मी चौघांचंही अभिनंदन केलं. त्यांतले निदान तिघे तरी खोटं बोलत होते, पण मला कुणाचा राग आला नाही. आपण तसं करायला हवं होतं असं ज्याला वाटतं, तो निदान कुठे उभं राहायचं होतं ते ओळखतो.

संपादकांनी फोनवर विचारलं होतं की लोकशाही वाचवायची कशी. लोक सांगतात, जागृती करा, लोकांना बोलतं करा. मी बोलण्याच्या विरुद्ध नाही. पण इतक्या वर्षांनंतर मला वाटतं की माणसाला एक खोली लागते, जिथे त्याचा भाऊबंद, त्याचा देव आणि त्याचा ग्रामसेवक यांपैकी कुणीही आत येणार नाही. धूर असला तरी चालेल.

आषाढात ताईंना नारायणगावच्या एका दवाखान्यात ठेवलं होतं. फार दिवस उरले नाहीत हे त्यांना माहीत होतं आणि त्या ते लपवीतही नव्हत्या. मी भेटायला गेलो तर किसनराव औषधं आणायला खाली गेलेले, आणि खाटेजवळ बबन. डोक्याचे केस गेलेले, हातात डाळिंबांची पिशवी. मला बघून तो उठला, बसला, पुन्हा उठला. त्या पाचांत ज्याने मला कधीच काही सांगितलं नव्हतं, तो हाच.

"वैनी," तो म्हणाला, "भाऊसाहेब हायेत तवर बोलून टाकतो. लई वर्सं मनात हाये. त्या दिशी मी..."

ताईंनी सलाईन नसलेला हात वर केला. आवाज बारीक झाला होता, पण ओळीखाली बोट धरून वाचल्यासारखा एकेक शब्द सुटा येत होता.

"बबन, काय टाकलीस ते सांगू नको. आजवर तुमा पाची जनांच्या लेकरांच्या लग्नात मी सारखीच जेवले. आता जाता जाता कुनाच्या घरचं जेवान कडू करू?"

बबनने पिशवीतलं एक डाळिंब काढलं आणि तो ते सोलू लागला. दाणे तो नीट, एकही न फोडता, वाटीत टाकत राहिला.